पट्ट्याच्या आतल्या बाजूचे कुसळ

१

नोव्हेंबरच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी, नाकडोंग नदीवरचे धुके अजून उठले नसताना, आंदोंग शहरातील एका रुग्णालयाच्या सोनोग्राफीच्या खोलीत, श्री. क्वॉन तेसॉक, वय अठ्ठावन्न, निवृत्त व्यायामशिक्षक, यांच्या उजव्या खांद्यातली कंडरा तुटलेली आढळली. ही कंडरा तीन आठवड्यांपूर्वी याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, दुर्बिणीतून शिवण्यात आली होती. ज्या हातांनी ती शिवली त्यांतलेच दोन हात या घटकेला सोनोग्राफीचे यंत्र धरून होते, आणि त्यांच्या मालकिणीने आपले कोपर टेबलाच्या कडेला घट्ट टेकवले होते.

डॉ. हान सोयुल यांनी यंत्र किंचित तिरके केले, पुन्हा सरळ केले. पडद्यावर जिथे एक पांढरा, भरीव पट्टा हाडापर्यंत उतरलेला दिसायला हवा होता, तिथे मध्येच एक काळी फट होती. गेल्याच सोमवारी हा पट्टा अखंड होता. तो त्यांनी स्वतः पाहिला होता आणि पाहून मनातल्या मनात हुश्श केले होते.

"काय दिसतंय, डॉक्टरबाई?" क्वॉन मास्तरांनी विचारले. बाह्या वर केलेला हा धिप्पाड माणूस शहराच्या धनुर्विद्येच्या मैदानावर तरुणांना नेम शिकवीत असे. आता तो छताकडे बघत होता.

सोयुलनी यंत्र पुन्हा एकदा फटीवरून फिरवले. बाजूच्या खुर्चीवर मास्तरांचा पट्टा पडला होता. खांद्याला आधार देणारा, कमरेशी जाड उशी असलेला हा पट्टा सहा आठवडे रात्रंदिवस बांधून ठेवायचा असतो. तपासणीपूर्वी तो सोडताना अस्तरावरची दोन-चार कुसळे सोयुलच्या बोटाला टोचली होती. ती त्यांनी उपटून टाकली होती आणि विसरल्याही होत्या. शेजारी मास्तरांनी परिचारिकांसाठी आणलेली कागदी पिशवी होती. तीत सोललेले कच्चे चेस्टनट होते, सगळे एका मापाने तासलेले, वरून खालून सपाट केलेले.

"कंडरा... पुन्हा उसवली आहे," सोयुल अखेर म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे मिटले. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, सुन्नेबाई. दाराशी उभ्या असलेल्या या ठेंगण्या बाई आतापर्यंत वाकून सगळ्यांना नमस्कार करीत होत्या. आता त्या सरळ झाल्या.

"यांनी पट्टा एक दिवस सोडला नाही. मी रोज सकाळी माझ्या हातानं घट्ट करते. मग उसवली कशी?"

"तेच बघायला हवं—"

"बघायचं काय त्यात? ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. मोठे डॉक्टर मध्येच फोन कानाला लावून बाहेर आले नि खिडकीपाशी जाऊन बोलत राहिले. चांगला वेळ." सुन्नेबाईंचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त भयंकर होते. "आत यांचा खांदा उघडा होता. मग सांगा, डॉक्टरबाई, गाठी कोणी मारल्या?"

२

त्या प्रश्नाचे उत्तर संध्याकाळपर्यंत सर्व रुग्णालयाला ठाऊक झाले आणि प्रत्येकाला निराळे ठाऊक झाले. कोणी म्हणे, गाठी हान सोयुलनी मारल्या. कोणी म्हणे, छे, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, शिवणीचे दोरे आणि ते हाडात पक्के करणाऱ्या खुंट्या विकणाऱ्या प्यो नावाच्या माणसाने मारल्या. विक्रेत्याने रुग्णाच्या देहाला हात लावला असला तर प्रकरण पोलिसांत जाणार होते. तसे नसले तरी सोयुलचे शिक्षण तिथेच संपणार होते, कारण खांद्याच्या शल्यचिकित्सकांचे जग लहान आहे आणि त्यात सोयुल ज्यांच्या हाताखाली शिकत होत्या त्या प्रोफेसर नोह यांनी, म्हणजे फोनवर बोलणाऱ्या त्या मोठ्या डॉक्टरांनी, नकारार्थी मान हलवली की देशभरात कुठलेही दार उघडत नाही.

रुग्णालयाच्या संचालकांनी देगूहून डॉ. ग्वाक दोशिक यांना बोलावले. आयुष्यभर खांदे दुरुस्त करून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले तंटे सोडवीत. त्यांच्याविषयी असे म्हणत की ते हवामानाच्या अंदाजाशीही वाद घालतात आणि पुष्कळदा जिंकतात. शुक्रवारी त्यांनी निवाडा द्यायचा होता.

त्यांनी पहिलीच अट अशी घातली की चौकशीच्या वेळी डॉ. हान खोलीत हजर असाव्यात. "जिच्यावर आरोप आहे तिच्या पाठीमागे मी काही ऐकत नाही," ते म्हणाले. तेव्हा सोयुल कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. चोराच्या मनात चांदणे म्हणतात. चोरी न करताही ते पडते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

प्रोफेसर नोह पायावर पाय टाकून बसले होते. "हान हुशार आहे. नाही म्हणत नाही मी. पण हात हलका नाही. खांद्यातली गाठ म्हणजे किमचीच्या मडक्याचं तोंड नव्हे, आवळलं की झालं!"

"म्हणजे गाठ फार आवळली गेली, असं आपलं म्हणणं?" ग्वाक यांनी विचारले.

"किंवा सुटली."

"दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, प्रोफेसर. एक काय ते ठरवा."

"ते ठरवायला तुम्हाला बोलावलंय ना?"

"मला खरं शोधायला बोलावलंय. तुमच्या वतीनं संशय घ्यायला नाही. फोन कोणाचा होता?"

"विद्यापीठाचा. निकडीचा." नोह यांनी घड्याळाकडे पाहिले. "गाठी मारायचं काम शिकणाऱ्यांनीच करायचं असतं. मीही असाच शिकलो."

"तुमचे गुरू त्या वेळी टेबलाशी होते की खिडकीशी?"

नोह उठले आणि कोट सावरत बाहेर पडले. ते गेल्यावर प्यो आत आला. गुळगुळीत भांग, चकचकीत बूट. आत येताना तीनदा वाकला.

"मी आपला दोरा देणारा, साहेब. शिंपी वेगळा."

"रुग्णाला हात लावलात?"

"छे, छे! माझ्या पोटावर पाय आणता काय? मी हातभर लांब उभा होतो. परिचारिकांना विचारा."

"विचारलं. त्याही तेच म्हणाल्या. मग घाम कशाला फुटलाय तुम्हाला?"

प्योने रुमाल काढला, कोपऱ्यातल्या सोयुलकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली.

"मला यांचं वाईट करायचं नाही, साहेब. पण तुम्ही विचारताय म्हणून... मागच्या बाजूची गाठ मारताना दोरा विसकटला होता. मी म्हटलं, डॉक्टर, नवा देऊ का? या म्हणाल्या, राहू द्या, हाच चालेल."

३

प्यो गेल्यावर ग्वाक यांनी आपली खुर्ची सोयुलकडे वळवली.

"खरं आहे?" ग्वाक यांनी विचारले.

"खरं आहे, सर." सोयुल म्हणाल्या. "दोन-तीन तंतू उसवले होते. दोरा मजबूत होता. मी ओढून पाहिला. मला वाटलं... प्रोफेसर येईपर्यंत संपवावं. ते वेळ लागला की रागावतात. तेव्हापासून रोज मी मनातल्या मनात तो दोरा ओढून पाहते आहे."

"आणि तुटतो?"

"कधी तुटतो. कधी नाही."

"तर मग मनातला सोडू. खरा पाहू."

ग्वाक यांनी आदल्या दिवशी काढलेल्या एमआरआयची चित्रे पडद्यावर लावली आणि चष्मा कपाळावर चढवला. "सदऱ्याचं बटण निघतं तेव्हा कधी दोरा तुटतो, कधी गाठ सुटते. आणि कधी दोरा, गाठ, बटण सगळं जागच्या जागी राहतं नि कापडच फाटतं. इथं काय दिसतं तुम्हाला?"

सोयुल पुढे झाल्या. ही चित्रे त्यांनी पाहिली होती, पण भीतीने पाहिली होती आणि भीतीला फक्त फट दिसते. आता त्यांना फटीच्या अलीकडचे दिसले. हाडात खुंट्या घट्ट रुतलेल्या होत्या. त्यांच्यावर कंडरेचा एक तुकडा अजून चिकटून होता आणि त्या तुकड्याला गाठींनी मिठी मारलेली होती. मागच्या, विसकटलेल्या दोऱ्याच्या गाठीनेसुद्धा.

"कापड फाटलंय," त्या पुटपुटल्या. "गाठींच्या पलीकडे."

"बरोबर. तेव्हा गाठ सुटली नाही. एक बाजू संपली." ग्वाक यांनी बोट उंचावले. "पण थांबा, हुरळू नका. मी प्रोफेसर नोह असतो तर काय म्हटलं असतं?"

"की मी इतकं करकचून आवळलं की कंडरेचा रक्तपुरवठा तुटला. ती त्या रेषेवर कमजोर झाली आणि फाटली." सोयुल म्हणाल्या. असे होते, हे त्यांनी पुस्तकात वाचले होते, दोन रुग्णांत पाहिलेही होते.

"छान. आता त्यांना उत्तर द्या."

"आवळल्यामुळं मेलेली कंडरा हळूहळू विरते, सर. काठ झिरमिळ्या होतो. पण हा काठ सरळ आहे, भोवती रक्त साकळलेलं आहे. आणि फट दिसली त्याच्या आधीच्या सोमवारी सोनोग्राफीत ती जाड होती, अखंड होती. हे... एका झटक्यात झालंय. त्या आठवड्यात."

"म्हणजे तुमच्या हातात नव्हे, त्यांच्या हातात. फक्त झटका कुठला, ते कोणी सांगत नाही." ग्वाक उठले आणि खिडकीपाशी गेले. खिडकीत परिचारिकांनी कागदी पिशवी ठेवली होती. त्यांनी एक चेस्टनट उचलला आणि उजेडात धरून सावकाश फिरवला. "हे कोणी आणले?"

"क्वॉन मास्तरांनीच. बघा ना, सोलूनसुद्धा आणले. किती काळजी करतात लोकांची."

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इंचॉनच्या."

"घरी चर्चला जातात?"

"हो, सर. का?"

ग्वाक यांनी चेस्टनट खिशात टाकला. "उगीच. सोमवारी पट्टा सोडताना काही वेगळं दिसलं होतं?"

"नाही. म्हणजे... कुसळं होती अस्तरावर. बोटाला टोचली."

"बाहेरच्या अंगाला की आतल्या?"

सोयुलनी डोळे मिटले आणि हात हवेत फिरवून तो पट्टा पुन्हा सोडला. डावा बंद, उजवा बंद, मग उशी शरीरापासून दूर. बोट टोचले तेव्हा तळहात कुठे होता?

"आतल्या," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे एकदम उघडले. "अंगाला टेकते त्या बाजूला! बांधलेल्या पट्ट्यात तिथं कुसळ शिरणारच नाही. म्हणजे पट्टा काढून गवतात ठेवला होता. सर, ते धनुष्याच्या मैदानावर गेले होते!"

"असेल," ग्वाक म्हणाले. "उद्या त्यांच्या घरी जाऊ. आणि डॉक्टर हान, जमिनीवर बसता येईल असे कपडे घाला."

४

क्वॉन घराणे शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, कौलारू घरात राहत होते. अंगणात दोरीवर एक पांढरा, लांब बाह्यांचा, समारंभी झगा वाळत होता. थंडीने तो ताठरला होता. सुन्नेबाईंनी पाहुण्यांना आत घेतले, भाजक्या जवाचा चहा दिला, आणि खारवलेल्या बांगड्याचा वास येतो म्हणून दोनदा क्षमा मागितली. सोयुलकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

आतल्या उबदार जमिनीवर मास्तर पट्टा बांधून बसले होते. त्यांच्या पलीकडे, भिंतीला टेकून, त्यांचे वडील: नव्वदी ओलांडलेले, चिपाडासारखे कोरडे, पण नजर जागी.

"धनुष्य कुठं आहे?" ग्वाक यांनी सरळ विचारले.

मास्तरांनी कोपऱ्यातली लाकडी पेटी दाखवली. आत शिंगाचे धनुष्य प्रत्यंचा उतरवून, उलटे वळून, झोपलेल्या जनावरासारखे पडले होते.

"हे चढवायला दोन धट्टेकट्टे हात नि गुडघा लागतो," मास्तर म्हणाले. "एका हातानं कोणाचा बाप चढवू शकत नाही. मैदानावर जाऊन विचारा. मी महिनाभर तिथं फिरकलेलो नाही. पोरं चिडवतात, मास्तर, तुमचा नेम आता चमच्यावर!"

"विचारलं. खरं बोलताय तुम्ही. शिवाय मैदानावरचं गवत कापलेलं असतं. तिथं कुसळ होत नाही."

सोयुलना वाटले, पायाखालची फळी कोणी तरी काढून घेतली. मैदान नाही, तर मग कुठे? उद्या शुक्रवार.

"बाई," ग्वाक सुन्नेबाईंकडे वळले, "यांनी पट्टा कधीच सोडला नाही, अशी आपली खात्री आहे?"

"माझ्या डोळ्यांसमोर तर नाही. आंघोळीलासुद्धा मीच सोडते, मीच बांधते. माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"पूर्ण आहे. म्हणूनच विचारतो. बाहेर वाळतोय तो झगा कोणाचा?"

"मामंजींचा. यंदा यांनी घातला. धुवायला मला सवड मिळाली नव्हती."

"पट्ट्यावरून कसा चढवला?"

सुन्नेबाईंचे डोळे नवऱ्याच्या कमरेशी बांधलेल्या जाड उशीवर गेले, तिथून अंगणातल्या झग्याच्या अरुंद छातीवर गेले आणि परत आले.

"मी इस्त्री करून दिला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नेला तसा घडी घालून नेला. मला वाटलं, नुसता खांद्यावर टाकतील. आम्ही बायका तिकडं जात नाही हो. आम्ही खाली स्वयंपाकात असतो."

"तिकडं" म्हणजे कुठे, हे विचारायला सोयुलची जीभ वळली, पण ग्वाक यांनी हाताने थांबवले. मग त्यांनी जे केले ते सोयुलना प्रथम निव्वळ शिष्टाचार वाटला. ते उठले, कोटाची बटणे लावली आणि म्हाताऱ्या क्वॉन आजोबांसमोर उभे राहिले.

"आलो तेव्हा घाईत राहून गेलं. वडीलधाऱ्यांना नमस्कार केल्याशिवाय मी बोलत सुटलो."

आणि त्यांनी पूर्ण नमस्कार घातला. सोयुल पाहत राहिल्या. दोन्ही हात जुळले, डावा वर, उजवा खाली. गुडघे टेकले. हात पुढे जाऊन जमिनीला लागले आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या देहाचे सगळे ओझे हळूहळू खाली उतरत तळहातांवर आले. कपाळ हातांपर्यंत गेले. क्षणभर सगळे स्थिर. मग उठताना त्यांचा तोल किंचित गेला, आणि तो सावरायला त्यांनी खालच्या हातावर, उजव्या हातावर, जोर दिला.

सोयुलनी हातातला चहा खाली ठेवला.

त्यांच्या घरात कोणी असा नमस्कार करीत नसे. इंचॉनच्या त्या घरात मृतांसाठी डोळे मिटून प्रार्थना होई, खुर्चीवर बसून. त्यांनी हा नमस्कार शेकडो वेळा पाहिला होता आणि एकदाही खांद्याच्या दृष्टीने पाहिला नव्हता.

"मास्तर," त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला, "तुम्ही कोणाला नमस्कार केलात?"

५

ग्वाक यांनी खिशातला चेस्टनट काढून मास्तरांसमोर ठेवला. "खाण्यासाठी सोलला की तो वेडावाकडा सोलतात. असा पैलू पाडून, वरखाली सपाट करून, एकावर एक रचायला फक्त पूर्वजांच्या नैवेद्यासाठी सोलतात. आणि नैवेद्य झाला की वाटून टाकतात. थडग्यांवर जाऊन पूर्वजांना पूजायचा दहावा चांद्रमास चालू आहे. टेकडीवर तुमच्या घराण्याची थडगी आहेत आणि पायवाटेला गुडघाभर कुसळी गवत आहे. येताना माझ्या विजारीला लागलं."

मास्तरांनी तो चेस्टनट डाव्या हाताने उचलून तळहातावर धरला.

"आबांना यंदा टेकडी चढवेना," ते म्हणाले. "घराण्यातला थोरला म्हणून थडग्यापुढं मद्याचा पहिला पेला मी ठेवायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा. खाली पाऊणशे माणसं उभी, मुलंबाळं, सगळ्या शाखांतली. अंगावर झगा नाही आणि कमरेला उशी बांधलेली, असा मी आबांच्या जागी उभा राहू? काढून ठेवला गवतात."

"पण मी तुम्हाला सांगितलं होतं—" सोयुल म्हणाल्या.

"काय सांगितलं होतंत, डॉक्टरबाई? उचलू नका. ओढू नका. गाडी चालवू नका. मी एक पेला सोडून काही उचललं नाही, तोसुद्धा डाव्या हातानं. बाकीचं भाऊबंदांनी उचललं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसते आश्चर्य होते. "वाकू नका, असं कोणी म्हणालं नाही."

सोयुलना आपले शब्द आठवले, त्यांचा क्रमसुद्धा. त्यात हा शब्द नव्हता.

"आवाज झाला होता?" ग्वाक यांनी विचारले.

"कट् करून. दुसऱ्या थडग्यापुढं, उठताना."

"आणि मग?"

"मग पुढची थडगी." मास्तरांनी खांदा उडवायचा प्रयत्न केला आणि त्यांचा चेहरा आवळला. "मागं पाऊणशे माणसं होती, साहेब."

"अहो, मला तरी सांगायचंत!" सुन्नेबाई म्हणाल्या.

"काय सांगू? पूर्वजांपुढं वाकलो म्हणून हात गेला? असं कोणी बोलतं? लोक म्हणतील, थोरल्या घराच्या थोरल्याला पूर्वजांनी झिडकारला. उद्याच्या बैठकीत मी हे बोलणार नाही. गाठ सुटली म्हणा नि मोकळे व्हा."

"आणि या पोरीचं काय?"

प्रश्न सुन्नेबाईंनी केला होता. तीन दिवस ज्या बाईने सोयुलकडे पाहिले नव्हते ती आता त्यांच्याकडे बोट दाखवून उभी होती. "मी हिला खुनी असल्यासारखं धरलं. सगळ्या दवाखान्यादेखत. तुम्ही तिथं पडून छताकडं बघत होता! तुम्हाला ठाऊक होतं, नि मला बोलू दिलंत!"

सोयुलना बोलायचे होते, विनवणी करायची होती. पण ज्या माणसाला आपण विचारलेच नाही त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने विनवायचे, हे त्यांना कळेना. त्यांनी नजर खाली वळवली.

तेव्हा भिंतीशी बसलेले क्वॉन आजोबा खाकरले.

"तेसॉक."

"जी, आबा."

"पहिला पेला नीट ठेवलास?"

"ठेवला, आबा."

"सांडला?"

"नाही."

"मग त्यांचं मिळालं त्यांना. मेलेली माणसं आहेत ती. खांदा मोडून नमस्कार वसूल करायला बसलेली नाहीत." म्हाताऱ्याने श्वास घेतला. "तुझे आजोबा लढाईहून आले तेव्हा त्यांचा गुडघा दुमडत नव्हता. उभ्यानं मान लववायचे. वीस वर्षं. कोणत्या पूर्वजानं तक्रार केली? लाज पट्ट्याची वाटली, ती वाटायला नको होती. वाटायची ती आता वाटू दे. माझ्या जागी उभा राहायचंय ना? तिथं खोटं घेऊन उभं राहता येत नाही. तसं असेल तर पुढल्या वर्षी मलाच पाठीवर घालून वर न्या."

मास्तरांनी मान खाली घातली. ती इतकी खाली गेली की सुन्नेबाई ओरडल्या, "हात टेकू नका!"

६

शुक्रवारी दुपारी संचालकांच्या दालनात बैठक भरली. क्वॉन मास्तरांनी उभे राहून, पट्टा बांधलेल्या अवस्थेत, झाले ते सांगितले. एकही शब्द गाळला नाही. थडग्याचा उल्लेख आला तेव्हा कपाळावरच्या शिरा फुगल्या, पण आवाज हलला नाही. ते बसल्यावर सुन्नेबाईंनी त्यांच्या पट्ट्याचा बंद, गरज नसताना, पुन्हा घट्ट केला.

प्रोफेसर नोह यांनी खुर्ची मागे सरकवली. "म्हणजे रुग्णाचीच चूक. मी पहिल्यापासून म्हणत होतो की आमच्या विभागात असं होणार नाही."

"पहिल्यापासून आपण म्हणत होता की डॉ. हान यांचा हात हलका नाही," ग्वाक म्हणाले. "ते असो. रुग्णाला सांगितलेले नियम कोणी ठरवले?"

"मी. सोलमध्ये होतो तेव्हापासून तेच चालू आहेत. कोणी तक्रार केलेली नाही."

"मी वाचले. पोहू नका, गोल्फ खेळू नका, वगैरे. या शहरात, या महिन्यात, अठ्ठावन्न वर्षांच्या किती पुरुषांना गोल्फ खेळायचा असतो? आणि किती जणांना टेकडीवर जाऊन गुडघे टेकायचे असतात?"

नोह यांनी हात पसरले. "प्रत्येक घरातले सणवार शल्यचिकित्सकानं पाठ करायचे की काय? आणि ते नियम वाचून दाखवायचं काम हानचं होतं!"

सगळ्यांचे डोळे सोयुलकडे वळले. चार दिवस ज्या क्षणाची त्यांना भीती वाटत होती तो हाच होता, आणि आता तो आल्यावर त्यांच्या लक्षात आले की गाठीची भीती केव्हाच गेली आहे. उरली आहे ती निराळीच.

"माझंच होतं," त्या म्हणाल्या. "मी वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली. पुढल्या सहा आठवड्यांत घरी काय काय आहे, हे मी विचारलं नाही. मला विचारायचं सुचलं नाही, कारण माझ्या घरी तसं काही नसतं."

"बघा!" नोह म्हणाले.

"बघतो आहे," ग्वाक म्हणाले, आणि त्यांनी टेबलावर एक वाळके कुसळ ठेवले. "हे काल मास्तरांच्या पट्ट्यात सापडलं, अस्तराच्या शिवणीत अडकलेलं. सगळी चौकशी यावर उभी आहे. प्रोफेसर, आपल्याला कुसळ डॉ. हान यांच्या डोळ्यात दिसलं. ते पट्ट्यात होतं. मुसळ मात्र आपल्या नियमांत आहे."

संचालकांनी पेन उचलले. "निवाडा, डॉक्टर ग्वाक?"

ग्वाक दोशिक उभे राहिले. वाद संपल्यावर त्यांचा आवाज नेहमी उतरत असे, तसा तो उतरला.

"गाठी पक्क्या होत्या. दोरा टिकला. डॉ. हान सोयुल यांच्या हातावर दोष नाही. विक्रेत्यानं रुग्णाला स्पर्श केला नाही. खांदा उघडा असताना टेबल सोडल्याबद्दल प्रोफेसर नोह यांनी उत्तर द्यावं, आणि ते नियम आजपासून रद्द करावेत. क्वॉन मास्तरांनी पट्टा काढला ही त्यांची चूक. त्यांना कोणी विचारलं नाही, ही आपली. कंडरा पुन्हा शिवावी लागेल. क्वॉन कुटुंबाची हरकत नसेल तर ती डॉ. हान शिवतील; आणि सुई हातात घेण्याआधी रुग्णाला विचारतील की पुढल्या सहा आठवड्यांत त्यांना कोणाकोणापुढे वाकायचं आहे."